नॅकचा ए प्लस प्लस बघायचा की एनबीए? मुलीच्या इंजिनीअरिंग प्रवेशासाठी सल्ला हवा

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. धाकटीची सीईटी झाली. पर्सेंटाइल बरे आहेत, पण सीओईपी-व्हीजेटीआयचं नाव काढावं इतके नाहीत. आता कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात रोज रात्री जेवणानंतर त्यावरच बैठक. तिला कॉम्प्युटर हवंय, नाहीतर ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम. नाशिक आणि पुणे, दोन्हीकडची कॉलेजं यादीत आहेत.

माझी अडचण अशी, की ज्या कॉलेजची जाहिरात बघावी तिथं ‘नॅक ए प्लस प्लस’ नाहीतर ‘एनबीए मानांकित’ लिहिलेलं असतंच. मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे ऑडिट म्हणजे काय आणि ऑडिटर यायच्या आदल्या रात्री काय चालतं हे दोन्ही ठाऊक आहे. पण हे प्रकरण नेमकं कोण तपासतं आणि काय तपासतं? ए प्लस प्लसच्या आणि बी प्लसच्या कॉलेजात शिकण्यात मुलीला काही फरक जाणवणार आहे का? आत राहून अनुभव घेतलेल्यांनी लिहावं ही विनंती. फीचे आकडे बघून आधीच घाम फुटलाय.

चकली:
ए प्लस प्लस म्हणजे फाटकावरचा फ्लेक्स मोठा, बी प्लस म्हणजे लहान. बाकी जाणकार येतीलच, मी तोवर चहा टाकते.

मापटं:
एका खासगी कॉलेजात शिकवतो. दोन्ही प्रकार अंगावर घेतलेत, म्हणून आधी सरळ माहिती देतो, टोमणे नंतर.

नॅक ही बंगळुरूची संस्था, यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, १९९४ मध्ये स्थापन केलेली. ती अख्ख्या कॉलेजला मिळून एकच श्रेणी देते. सात निकष, चारपैकी गुण. ३.५१ पासून वर ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ पासून ए, मग बी प्लस प्लस, बी प्लस असं उतरत जातं. दीड किंवा त्याखाली डी, म्हणजे मानांकन नाहीच.

एनबीए एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेनं, त्याच साली सुरू केली, पुढे ती स्वायत्त झाली. ती कॉलेजला मानांकन देत नाही, एकेका शाखेला देते. मेकॅनिकलला आहे म्हणून कॉम्प्युटरला असेलच असं काही नाही. मुदत तीन किंवा सहा वर्षांची. त्यामुळे ‘आमचं कॉलेज एनबीए मानांकित आहे’ असं कुणी म्हणालं की दोनच प्रश्न विचारायचे: कुठल्या शाखेला, आणि कधीपर्यंत?

गोदाकाठ:
हे पहिल्यांदाच कुणी धड सांगितलं. मी फोन केला होता त्या कॉलेजातल्या बाईंनी ‘सगळं मानांकित आहे सर’ म्हणून विषय संपवला होता.

चौथी_रांग:
मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे काका, त्यामुळे आमच्या बाजूची गोष्ट सांगतो. नॅकमध्ये विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं. नॅक मुलांना थेट ईमेल पाठवतं, वीस वस्तुनिष्ठ प्रश्न आणि शेवटी मनातलं लिहायला एक जागा. आमच्याकडे ईमेल यायच्या आधी सगळ्यांना सेमिनार हॉलमध्ये बसवून कुठल्या पर्यायाला किती गुण असतात ते प्रेमानं समजावण्यात आलं. मी शेवटच्या जागेत ‘हॉस्टेलच्या पाण्याचं बघा’ लिहिलं. पाण्याचं अजून कुणी बघितलेलं नाही.

नॅकची तपासणी टीम आली त्या दोन दिवसांत कँटीनचा वडापाव गायब होऊन फळांच्या डिश आल्या. आम्हाला ब्लेझर. दारात रांगोळी, लेझीम, फेटे. पण लॅबमधले दीड वर्ष बंद असलेले ऑसिलोस्कोप त्या निमित्तानं दुरुस्त झाले आणि टीम गेल्यावरही चालू राहिले, हे मान्य करावं लागेल.

चकली:
फेटे घालून ऑसिलोस्कोप बघायचे, म्हणजे परंपरा आणि नवता दोन्ही निकष एकाच फोटोत.

तासिकावाला:
फोटो जिओटॅगचाच लागतो हं चकलीताई. आमच्या कॉलेजात एका वर्षीच्या वृक्षारोपणाच्या फोटोंवर अक्षांश-रेखांश आले नव्हते. मग तीच रोपं उपटून, तेच पाहुणे बोलावून परत लावली. दुसऱ्यांदा काही जगली नाहीत.

मी सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे, सेट-नेट या दोन्ही पात्रता परीक्षा झालेल्या. मिळतं ते घेतलेल्या तासांचं, तेही सत्र संपल्यावर कधीतरी. आमच्या विभागाच्या नॅकच्या फाइली निम्म्याहून जास्त मी लिहिल्यात. रात्री अकरापर्यंत बसून एसएसआरचे, म्हणजे कॉलेजनं नॅकला द्यायच्या स्वयंमूल्यमापन अहवालाचे, तक्ते भरलेत. आणि त्या अहवालात पूर्णवेळ शिक्षकांची जी यादी जाते, तिच्यात मी नाही. गोदाकाठकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे बघा. श्रेणी विचारू नका, तुमच्या मुलीला पहिल्या वर्षी शिकवणारा माणूस दुसऱ्या वर्षी तिथं असेल का ते विचारा.

पळसफूल:
मी मराठवाड्यात, तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची, समन्वयक आहे. वरचं सगळं वाचलं, हसलेही. पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

आधी हे लक्षात घ्या की २०१७ पर्यंत बरंचसं भेटीला येणाऱ्या टीमच्या मतावर चालायचं. टीम कशी मिळाली यावर श्रेणी. तेव्हाची आमच्या प्राचार्यांची धावपळ आठवते, कोण अध्यक्ष, ते शाकाहारी आहेत का, कुठल्या देवाला जातात. २०१७ ला पद्धत बदलली. साधारण ७० टक्के भार आकड्यांवर गेला. आपण ऑनलाइन भरलेले आकडे एक त्रयस्थ संस्था पडताळते, त्याला आम्ही डीव्हीव्ही म्हणतो. त्या डीव्हीव्हीचे प्रश्न येतात तेव्हा भल्याभल्यांची झोप उडते. सत्तर कार्यशाळा लिहिल्या असतील तर सत्तरांची हजेरीपत्रकं मागतात. उरलेल्या ३० टक्क्यांसाठी टीम. संलग्न कॉलेजांना हजार गुणांपैकी ३५० एकट्या अध्यापन-मूल्यमापनाच्या निकषाला आहेत, त्यात शिक्षक किती, पूर्णवेळ किती, पीएचडी किती, मंजूर जागांपैकी भरलेल्या किती हे सगळं येतं. म्हणजे तासिकावाल्यांचा प्रश्न नॅकला दिसत नाही असं नाही. जागा शासनानं भरायच्या आहेत आणि त्याचे गुण आमचे कापले जातात, हा खरा गोंधळ आहे.

आणि आता जे सांगते ते शहरातल्यांना कदाचित पटणार नाही. आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि कडी नॅकमुळे आली. ग्रंथालयातली पुस्तकं संगणकावर चढली ती नॅकमुळे. माजी विद्यार्थ्यांची नोंदणीकृत संघटना, रॅम्प, तक्रार निवारण समितीच्या खऱ्याखुऱ्या बैठका, सगळं. संस्थाचालकांकडे मुलींसाठी पैसे मागितले तर पुढच्या वर्षी बघू म्हणतात. ‘नॅकमध्ये गुण जातील’ म्हटलं की सही होते. रूसाचा, म्हणजे उच्च शिक्षणाच्या केंद्रीय योजनेचा, निधी श्रेणीशी जोडला गेला तेव्हापासून तर चालकांचे कान आणखीच टवकारलेत. आमची श्रेणी बी प्लस प्लस आहे. बोर्डावर लिहिलेली आहे, लाज वाटत नाही.

मापटं:
पळसफूलताई, तुमच्या कॉलेजबद्दल आदरच आहे. कडी, पाणी, रॅम्प या गोष्टी तपासणीनं येतात, कारण त्या डोळ्यांनी दिसतात. शिकवणं कसं मोजाल? आता टोमण्यांची पाळी.

एनबीएमध्ये ‘आउटकम’वर भर असतो. विषय शिकल्यावर मुलाला काय यायला हवं ते लिहायचं, ते कोर्स आउटकम. पदवी मिळताना काय यायला हवं, ते प्रोग्राम आउटकम. वॉशिंग्टन करार या इंजिनीअरिंग पदव्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या धर्तीवरचे हे बारा होते. मग प्रत्येक कोर्स आउटकमचं प्रत्येक प्रोग्राम आउटकमशी नातं किती घट्ट, त्याला १, २ किंवा ३ असा आकडा. परीक्षेचे गुण घालून एक्सेल शेवटी सांगतं की उद्दिष्ट किती साध्य झालं. कल्पना उत्तम आहे हो. पण संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळानं ठरवायचा, पेपर विद्यापीठानं काढायचा, आणि साध्य झालं की नाही ते आम्ही सांगायचं. मग काय होतं? शेवटचा आकडा आधी ठरतो आणि एक्सेल उलट्या पावलांनी चालायला लागतं. आमच्या एका बॅचची ‘आयुष्यभर शिकत राहण्याची वृत्ती’ तीनपैकी २.१४ भरली होती. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरातून.

चकली:
२.१४!! माझी लग्नाआधी २.९ होती.

शेरलोक_होळकर:
थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे मापाचं वेड कळत नाही. १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्रानं विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. साखर कारखान्यांच्या आसपास कॉलेजं उभी राहिली. मोजमाप करणाऱ्या दोन्ही संस्था आल्या १९९४ ला, म्हणजे अकरा वर्षांनी. आणि नॅक तर बराच काळ ऐच्छिक होतं, यूजीसीनं सक्तीचं केलं २०१२ च्या नियमावलीनं. पीक आधी, कुंपण नंतर. त्या दरम्यान विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती यायची, पाहुणचार घ्यायची आणि जायची. लोकल इन्क्वायरी कमिटी म्हणून तिला लोक एलआयसी म्हणतात, आणि पॉलिसीप्रमाणेच तिचा हप्ता असतो अशी चेष्टा आमच्या वडिलांच्या पिढीपासून चालत आलीये.

यारा_तीरी:
मेलबर्नहून लिहितोय. इथं येणाऱ्यांसाठी एनबीएचा एक अगदी रोकडा उपयोग आहे, तो कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो.

भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. या करारातले देश एकमेकांच्या मानांकित इंजिनीअरिंग पदव्या समकक्ष मानतात. मात्र एनबीएचे दोन टियर आहेत, आणि करारात फक्त टियर वन मोडतं, म्हणजे स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग. मापटं म्हणतात ती संलग्न कॉलेजं टियर टू. त्यांच्या पदवीला एनबीए असलं तरी करार लागू होत नाही.

मी २००९ चा पदवीधर, त्यामुळे मला करार लागू नव्हताच. इथल्या अभियंता संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यायला सीडीआर लिहावा लागला. आपण केलेल्या कामावर तीन प्रदीर्घ निबंध, ‘मी हे केलं, मी ते ठरवलं’ अशा भाषेत. ‘आम्ही’ लिहिलेलं चालत नाही. आपल्याला लहानपणापासून ‘मी-मी करू नये’ शिकवलेलं असतं, तिथं फार जड गेलं. माझ्यानंतर आलेल्या, टियर वन शाखेतून शिकलेल्या एका मुलीचं काम पदवी आणि गुणपत्रकांवर झालं.

गोदाकाठकाका, मुलगी पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाकडे जायचा विचार करणार असेल तर एनबीएच्या संकेतस्थळावर त्या शाखेपुढे टियर काय लिहिलाय तेवढं बघा.

गोदाकाठ:
बापरे. टियर वगैरे तर त्या माहितीपत्रकात कुठंच नाही. बाहेर जायचं तिच्या डोक्यात सध्या नाही, पण वीस वर्षांच्या पोरांच्या डोक्यात कधी काय येईल!

बेळगावी_कुंदा:
मी एका सॉफ्टवेअर कंपनीत भरती बघते. उमेदवाराच्या मुलाखतीत कॉलेजची नॅक श्रेणी मी आजवर विचारलेली नाही आणि माझ्या ओळखीत कुणी विचारत नाही. कॅम्पसला कुठं जायचं ते आधीच्या वर्षांत तिथली मुलं कामाला कशी निघाली त्यावर ठरतं. बाकी चालू द्या.

झणझणीत:
सगळे इतकं सभ्य बोलताय म्हणून आठवण करून देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना आणि आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या पदाधिकाऱ्यांना अटक केली. एकूण दहा जण. आरोप काय, तर ए प्लस प्लससाठी रोख रक्कम, सोनं, मोबाइल, लॅपटॉप. त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २०२३ मध्ये, नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष भूषण पटवर्धन, आपल्या पुण्याचे, राजीनामा देऊन बाहेर पडले. श्रेणी देण्यातल्या गैरप्रकारांची चौकशी करा असं ते स्वतःच म्हणत होते. खुद्द अध्यक्ष असं म्हणत असेल तर काका, तुम्ही त्या श्रेणीवर पोरीचं भवितव्य ठरवणार?

पळसफूल:
झणझणीत, पकडले गेले ते दहा. त्यांच्यापायी प्रामाणिकपणे तक्ते भरणाऱ्या सगळ्यांना चोर म्हणायचं का? आम्ही टीमला स्मृतिचिन्ह देतानाही घाबरतो आता.

झणझणीत:
चोर कुठं म्हटलं ताई. खऱ्याखोट्याला एकच शिक्का मिळत असेल तर शिक्क्याची किंमत शून्य, एवढंच म्हणतोय. तुमच्या बी प्लस प्लसवर मी विश्वास ठेवीन, कारण ती कुणी विकत घेणार नाही.

पळसफूल:
हे कौतुक समजून ठेवून घेते.

शेरलोक_होळकर:
पटवर्धनांचा विषय निघालाच आहे तर अवांतर: संशोधनाचा निकष आला तशी पेपर छापायची दुकानं फोफावली. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिकं तपासली, तर ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली. त्यातून पुढे केअर यादी, म्हणजे यूजीसीची नियतकालिकांची नवी यादी, आली आणि २०२५ मध्ये यूजीसीनं तीही बंद केली. म्हणजे माप बदलत राहतं, मापात बसवण्याचं कौशल्य कायम.

तासिकावाला:
मला एकदा ‘अडीच हजारात पाच दिवसांत पेपर’ असा व्हॉट्सअ‍ॅप आला होता. विभागप्रमुखांनी फॉरवर्ड केला होता.

चौथी_रांग:
ते श्रेणी जाऊन ‘पास-नापास’ येणार होतं ना? त्याचं काय झालं?

मापटं:
इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीची ती शिफारस. जानेवारी २०२४ मध्ये नॅकनं जाहीर केलं की आता फक्त ‘मानांकित’ किंवा ‘मानांकित नाही’, आणि ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी एक ते पाच पातळ्या. भेटी कमी, माहिती एकाच ठिकाणी भरायची, भरपूर उलटतपासणी. मला तरी हे बरं वाटतं. ३.२५ आणि ३.२६ मध्ये फरक असल्याचा देखावा बंद होतो. पण फ्लेक्सवाल्यांना चिंता नको, ते ‘पातळी पाच’ लिहितील.

पळसफूल:
मला भीती वेगळी वाटते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायची आहे आणि स्वायत्ततेची वाट मानांकनातून जाते. शहरातली मोठी कॉलेजं उडी मारतील. आमच्यासारख्यांकडे मंजूर जागांवर माणसंच नाहीत. नापासाचा शिक्का बसला तर आमच्या मुली पुण्याला जाणार नाहीत, घरी बसतील. हा विचार त्या समित्यांच्या कागदात मला तरी कमी दिसतो.

(मापटं, यावर टोमणा नको.)

मापटं:
नाही मारत. याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता काकांकडे वळू, ते बिचारे फॉर्मची तारीख धरून बसलेत. मी माझ्या भाचीसाठी काय केलं ते सांगतो. नॅकची श्रेणी बघितली ती फक्त खालच्या टोकाला, म्हणजे मानांकनच नाही किंवा सी आहे तर का ते विचारलं. ए आणि ए प्लस प्लसमध्ये वेळ घालवला नाही. एनबीएच्या संकेतस्थळावर जाऊन तिच्या शाखेची नोंद, टियर आणि मुदत बघितली. कॉलेजच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र बघायचंच नाही, कारण मुदत संपलेली प्रमाणपत्रं वर्षानुवर्षं भिंतीवर असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये फरिदाबादच्या एका विद्यापीठाला जुनी श्रेणी संकेतस्थळावर मिरवल्याबद्दल नॅकनं कारणे दाखवा नोटीस काढली, तेव्हा हे फक्त माझं म्हणणं नाही.

मग खरी गंमत. प्रत्येक कॉलेजला स्वतःचा एसएसआर संकेतस्थळावर टाकावा लागतो. कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा. बँकवाले आहात, ताळेबंद वाचायची सवय आहे. त्यात दरवर्षीचे पूर्णवेळ शिक्षक, त्यांचा त्या कॉलेजातला सरासरी अनुभव, उत्तीर्णांची टक्केवारी हे असतं. शिक्षकांचा सरासरी अनुभव दोन-तीन वर्षं दिसला तर समजा की माणसं टिकत नाहीत. शेवटी एखाद्या आडदिवशी न सांगता जा आणि कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पोरांना चहा पाजा. चौथी_रांगसारखी पोरं सगळं सांगतात.

चौथी_रांग:
वडापाव पण चालेल.

आंबोशी:
गोव्यातून एक पुरवणी. आमच्या भाच्याच्या वेळी मी विभागाच्या शिक्षकांची यादी छापून नेली आणि शिपायाला विचारलं, यातले आज कोण कोण आहेत? त्यानं तिघांची नावं बघून ‘हे कोण?’ असं मलाच विचारलं. प्रवेश दुसरीकडे घेतला.

गोदाकाठ:
मंडळी, तीन कॉलेजं पालथी घालून आलो. मुलगीही बरोबर होती, निम्मे प्रश्न तिनंच विचारले. एका ठिकाणी ए प्लस आहे, पण कॉम्प्युटरची एनबीए मुदत संपलेली. ‘अर्ज केलाय’ म्हणाले, अर्जाची प्रत मागितल्यावर साहेब मीटिंगला गेले. दुसरं नाशिकमधलंच, श्रेणी बी प्लस प्लस, पण ईअँडटीसीला एनबीए चालू आहे आणि विभागात दहा-बारा वर्षं टिकलेली माणसं भेटली. लॅबमध्ये एक बाई मुलांना शिकवत होत्या, आम्ही आलो तरी थांबल्या नाहीत. हिला ते फार आवडलं. तिसरं पुण्याचं स्वायत्त, टियर वन, फी ऐकून सौ. गप्प झाल्या. एसएसआर तिन्ही उतरवून घेतलेत, हायलाइटर घेऊन बसलोय.

क्रम तिनं असा लावलाय: पुण्याचं पहिलं, नाशिकचं ईअँडटीसी दुसरं. ए प्लसवालं पाचव्या क्रमांकावर. मी तिसऱ्यावर म्हणत होतो, ऐकलं नाही.

पळसफूल:
बाईंनी शिकवणं थांबवलं नाही, याला नॅकमध्ये निकष नाही. मुलीला शुभेच्छा.

तासिकावाला:
काका, त्या नाशिकच्या कॉलेजात विज्ञान शाखेच्या कायम जागा निघाल्याचं कुठं दिसलं का? ओळखीतलं कुणी असेल तर सांगा.

गोदाकाठ:
कायमच्या नाही हो दिसल्या. नोटीस बोर्डावर वॉक-इनचा कागद होता, गणितासाठी, अकरा महिन्यांच्या करारावर. फोटो काढलाय, व्यक्तिगत निरोपात पाठवतो.